बुलेट गरम झाली की बंद पडते

सांगलीकर: वडिलांची १९८४ ची बुलेट ३५०, पॉइंटवाली (प्लगची ठिणगी उघडझाप करणाऱ्या पॉइंटवर चालते ती). सकाळी दुसऱ्या किकला सुरू होते, पण मिरज आलं की फटफट करत गप्प. वीस मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. प्लग नवा टाकला, कार्बोरेटर साफ केला. मेकॅनिक म्हणतो पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसव. वडील घरात घेणार नाहीत!

जुना_फोरमन: बंद पडली की आधी टाकीचं झाकण उघडा. लगेच सुरू झाली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. नाहीतर अंधारात पॉइंटचं कव्हर काढून इंजिन चालवा. पॉइंटवर जाड ठिणग्या उडत असतील तर कंडेन्सरवर, म्हणजे त्या ठिणग्या दाबणाऱ्या छोट्या भागावर, संशय घ्या. पॉइंटमधली फट (गॅप) ०.३५ ते ०.४० मिमी हवी. आणि कॉइलला (प्लगसाठी जास्त व्होल्टेज बनवते ती) हात लावून बघा, चटका बसतो का ते.

किकबहाद्दर: अ‍ॅम्पिअर मीटर (बॅटरीत करंट येतोय की जातोय ते दाखवणारं) बघा की राव. चावी लावून किक हळू दाबा, काटा डिस्चार्जकडे झुकून परत यायला हवा. ढिम्म राहिला तर पॉइंट मळलेत.

सांगलीकर: काका, कंडेन्सरच! पॉइंटवर नुसती दिवाळी होती. बदलला, काल जयसिंगपूरला जाऊन आलो. वडील म्हणाले, "मी सांगत होतोच." सांगितलं काही नव्हतं.