मदत हवी आहे: पेन्सिल कोलाजचा मधला भाग जमत नाहीये

नमस्कार मंडळी,

भाचीने विचारलं, "मामा, तू शाळेत असल्यापासून देशात काय काय झालं?" सांगण्यापेक्षा काढून दाखवावं म्हटलं आणि अडकलो. गेले तीन महिने १९९१ नंतरच्या भारतावर पेन्सिल कोलाज करतोय. कागद ए२, उभा, गुळगुळीत, जाड (३०० जीएसएम). पेन्सिली एचबीपासून मऊ, गडद ८बीपर्यंत वापरतोय.

आतापर्यंत झालेलं असं. वर चंद्राचा पृष्ठभाग आणि चांद्रयान-३ चा विक्रम लँडर (२३ ऑगस्ट २०२३). त्याखाली २०१४ साली मंगळयान कक्षेत पोचल्यावर हसणाऱ्या इस्रोतल्या बायका. त्यांच्या साड्यांचे काठ आणि गजरे काढताना दोन आठवडे कसे गेले कळलं नाही, चित्रातला सगळ्यात आनंदाचा भाग तोच. डावीकडे १९९१ चा अर्थसंकल्प मांडायला निघालेले मनमोहन सिंग. उजवीकडे वानखेडेवर सहकाऱ्यांच्या खांद्यावर बसलेला सचिन (२ एप्रिल २०११). कोपऱ्यात पोखरण १९९८. तळाला २०२० च्या टाळेबंदीत डोक्यावर बोचकी घेऊन हायवेने चालत निघालेले मजूर.

मध्ये मात्र हाताएवढी कोरी जागा उरलीय आणि तिथे काय करावं सुचत नाही. प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे बरा दिसतो, पण लांबून बघितलं की फ्रिजवर चिकटवलेले फोटो वाटतात. शिवाय पोखरणचा काळा भाग दिव्याखाली चक्क चमकतो. तिथे ८बी दाबून घासलीय. खोडून पुन्हा करू का?

---

शिसपेन्सिल

आधी चमकेचं बोलतो, कारण ते सोपं आहे. ग्राफाइटचे पापुद्रे दाबाने कागदावर सपाट बसतात आणि आरशासारखे उजेड परत फेकतात. ८बी आणखी दाबाल तर आणखी चमकेल. घासून खोडू नका, गुळगुळीत कागदाची लव जाईल. मळता येणारं खोडरबर नुसतं टेकवून उचला, पुन्हा पुन्हा. बराच थर निघाला की वर कार्बन पेन्सिल चालवा, ती मॅट असते. जाड ग्राफाइटवर मात्र ती धरत नाही, म्हणून आधी उचलणं आलंच.

आता चिकटवलेल्या फोटोंबद्दल. चित्राचा मोबाइलवर फोटो काढा, कृष्णधवल करा आणि डोळे बारीक करून बघा. पैज लावतो, सहाही ठिकाणी तेवढाच गडद काळा आणि तेवढाच पांढरा असेल. तुम्ही प्रत्येक फोटो इमानदारीने उतरवलात, त्याच्या त्याच्या उजेडासकट. सगळ्यात गडद काळा एकाच जागी ठेवा, बाकीचे एक-दोन पायऱ्या खाली आणा. आणि कडा सोडून द्या हो! सचिनच्या मागची गर्दी हळूहळू नुसत्या टिंबांची झाली तरी बघणाऱ्याला कळते.

दुपारचं ऊन

छटांचं पटलं, पण मला अडचण वेगळी वाटते. तुमच्या चित्रात प्रत्येक जण कुठेतरी पोचलेला आहे, नाहीतर निघालेला आहे. थांबलेलं कुणीच नाही. आपण तर या तीस वर्षांत रांगेतच उभे होतो! रात्री दर उतरले की एसटीडी बूथबाहेर. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे-हजारच्या नोटा घेऊन बँकेबाहेर. टाळेबंदीत दुकानासमोर आखलेल्या खडूच्या गोलांमध्ये. २०२१ मध्ये ऑक्सिजनचं रिकामं सिलिंडर शेजारी ठेवून. आणि दर निवडणुकीला मतदान केंद्राबाहेर.

मधल्या जागेत एकच नागमोडी रांग काढा. वर बूथपासून सुरू होऊन पुढे सरकताना लोकांच्या हातातली वस्तू बदलत जाईल आणि खाली तीच रांग तुमच्या मजुरांना मिळेल. जोडायला वेगळं काही लागणारच नाही.

खोडरबर

सगळं छान. पण १९९२ कुठाय? ६ डिसेंबरला पाडलेली बाबरी मशीद, त्यानंतरच्या मुंबईतल्या दंगली, २००२ चा गुजरात. भाचीला एवढंच सांगणार आहात का, की आपण मॅच जिंकलो आणि चंद्रावर गेलो?

धागाकर्ता

'दुपारचं ऊन', तुमचा प्रतिसाद वाचून उठलोच. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर चार कच्ची चित्रं केली, तिसऱ्यात रांग बसली. सिलिंडरवाला माणूस मजुरांच्या अगदी डोक्यावर येतोय, त्याला थोडा डावीकडे सरकवावा लागेल.

'खोडरबर', तुम्ही बरोबर पकडलंत. मुद्दाम टाळलं होतं. काढायची भीती नव्हती, कसं काढायचं ते कळत नव्हतं. घुमट काढला तर चित्र त्याचंच होतं आणि जाळपोळ काढली तर वर्तमानपत्रातला फोटो होतो.

शिसपेन्सिल

एक करून बघा. संपलेलं बॉलपेन घ्या आणि कोऱ्या भागावर कोरड्या टोकाने दाबून रेषा ओढा. नंतर वरून आडव्या धरलेल्या २बीने छटा दिली की त्या खाचा पांढऱ्याच राहतात. रांगेच्या मधोमध दोन-चार माणसं अशी नुसत्या खाचांची करा. उभी आहेत, पण नाहीत. मात्र आधी वेगळ्या कागदावर सराव करा. खाच पडली की पडली, ती बुजत नाही.

खोडरबर

हे चालेल.

धागाकर्ता

सरावाच्या कागदावर जमलं. पहिल्यांदा जोर जास्त झाला आणि कागद फाटला, दुसऱ्यांदा मात्र अंगावर काटा आला.

शेवटचं विचारतो. वरच्या भागावर हाताने डाग पडताहेत. तेवढ्यावर आत्ताच फिक्सेटिव्ह (पेन्सिल पुसली जाऊ नये म्हणून मारतात तो फवारा) मारू का?

शिसपेन्सिल

अजिबात नको. छटा कमी करायच्यात ना अजून? फिक्सेटिव्हनंतर ग्राफाइट नीट उचललं जात नाही. हाताखाली कोरा कागद ठेवा, तो ओढू नका, उचलून सरकवा. फवारा सगळ्यात शेवटी, लांबून, दोन-तीन पातळ थरांत.

दुपारचं ऊन

आणि भाचीला रांगेत उभी करा. शेवटी नको, मध्ये कुठेतरी.