मदत हवी आहे: फ्रान्समध्ये नऊ दिवस, पाव-बटाटा बंद. काय खाऊ?

लेक ल्योंला शिकते. सप्टेंबरात तिच्याकडे चाललोय, पाच दिवस ल्यों आणि चार पॅरिस.

मला डायबेटिस आहे. वर्षभर भात, पोळी, बटाटा, साखर बंद केल्यावर एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ८.२ वरून ६.५ वर आलं. दोन गोळ्या चालू आहेत. घरी जमतं, कारण शिजणार काय ते आपल्या हातात. पण बायको म्हणते, "तिथे जाऊन काकडीच खायची तर विमानाचं भाडं कशाला?" बरोबर आहे तिचं. शेंगदाण्याची पुडी घेऊन फिरायचं नाहीये, तिथलंच खायचंय.

त्यात मी बीफ-पोर्क खात नाही. मासे, कोंबडी, बदक, अंडी चालतात. लेकीने तिथल्या एका बुशोंचं (ल्योंची खास खाणावळ) मेनूकार्ड पाठवलं. सालाद ल्योनेज पाहून हरखलो, पाला आणि वर पोच केलेलं अंडं! मग कळलं, त्यात पोर्कचे तुकडे असतात. केनेल (लांबट मऊ गोळे) माशाचं, तर त्यात मैदा. बदक मागवावं तर खाली बटाटे.

बटाट्याऐवजी भाजी देतात का? आणि सॉसमधला मैदा ओळखायचा कसा?

प्रतिसाद १
काका, सहा वर्षं पॅरिसमध्ये आहे. 'फ्रित' म्हणजे तळलेल्या बटाट्यांऐवजी 'आरिको व्हेर' म्हणजे फरसबी मागा, बरेचदा देतात. पावाची टोपली न मागताच येते, तिचे पैसे जेवणातच धरलेले असतात. लगेच परत पाठवा, समोर राहिली की हात जातोच. बेशामेल (दुधाचा पांढरा सॉस) आणि ब्लाँकेत (मांसाचा पांढरा रस्सा) मैद्याचे. माशावरचा बर ब्लाँ मात्र लोणी आणि वाइनचा, तो बिनधास्त घ्या. बदकाचं काँफी त्याच्याच चरबीत शिजवतात, सोबत हिरवं सॅलड मागा. कासुले नको, त्यात घेवड्याचे दाणे आणि पोर्क दोन्ही. ब्रेतान्यचं गालेत (धिरड्यासारखं) कुट्टूच्या पिठाचं असतं. ग्लुटेन नाही म्हणून फसू नका, पीठ ते पीठच. गोडाऐवजी चीज मागवा. ल्योंला साँ-मार्सेलाँ मिळेल, पिकलेलं असेल तर बशीत पसरतं.

आठवडी बाजारात सळईवर फिरणारी कोंबडी मिळते, 'पुले रोती'. खाली तिच्या टपकणाऱ्या चरबीत बटाटे भाजत असतात. तिकडे बघू नका :)

प्रतिसाद २
मेटफॉर्मिनसोबतची दुसरी गोळी कोणती? मेटफॉर्मिन एकटी असेल तर साखर सहसा फार खाली जात नाही. ग्लिमेपिराइड असेल तर ती साखर फार खाली नेऊ शकते, दिवसभर चालणं आणि वर जेवण लांबणं महागात पडेल. तिकडे बऱ्याच ठिकाणी दुपारी दोननंतर स्वयंपाकघर बंद होतं, ते थेट संध्याकाळी सातला उघडतं.

धागाकर्ता
ग्लिमेपिराइडच आहे. हे डोक्यातच आलं नव्हतं, उद्या डॉक्टरांना विचारतो. शेंगदाण्याची पुडीही घेतो म्हणा, आणि खिशात ग्लुकोज. बायकोला सांगू नका.