उत्तर : दिल्लीपेक्षा पन्नास किलोमीटर आडवे येतात

नव्या औषधाची माणसांवर चाचणी घ्यायची तर दिल्लीतल्या केंद्रीय औषध नियंत्रकाच्या परवानगीतच सगळा वेळ जातो, असं म्हणतात, ते अर्धंच खरं. 2019 च्या नियमांनी देशात शोधलेल्या औषधाच्या चाचणीच्या परवानगीला 30 कामकाजी दिवसांची मुदत घातली. उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरायचं.

आमच्याकडे गाडी अडते दुसरीकडेच. ज्या दवाखान्याची स्वतःची नैतिकता समिती (चाचणीत भाग घेणाऱ्यांची सुरक्षितता आणि हक्क पाहणारी) नाही, त्याला त्याच शहरातली किंवा 50 किलोमीटरच्या आतली समिती लागते. हिंगोलीच्या डॉक्टरला नांदेडची समिती चालत नाही, अंतर जास्त! मग चाचणीचं केंद्र संभाजीनगरला. तिथं मी समन्वयक होतो. हिंगोलीकडचे एक काका दहा मिनिटांच्या तपासणीसाठी रात्रीच्या एसटीनं यायचे, सोबत मुलगा, त्याची त्या दिवसाची मजुरी बुडालेली. तिकीट चाचणीच्या खर्चात निघायचं. मजुरी कोण भरून देणार? तिसऱ्या खेपेनंतर काका आलेच नाहीत.