64 मॅच जिंकलेली क्लीव्हलँड प्लेऑफच्या दुसऱ्याच राउंडमध्ये काहून अडकली?

सिक्स्थमॅन_नागपूर:
एनबीए म्हणजे अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमधल्या 2025 च्या क्लीव्हलँड कॅव्हलियर्सवरून आमच्या कोर्टवर अजूनही भांडण होते, म्हणून इथं एकदा सविस्तर लिहितो. 64 विजय, 18 पराभव, ईस्टमध्ये (लीगच्या दोन गटांपैकी, म्हणजे कॉन्फरन्सपैकी एक) पहिला नंबर, सीझनची सुरुवातच सलग 15 विजयांनी आणि नंतर अजून 12 ची आणि 16 ची स्ट्रीक. त्यांचा कोच ॲटकिन्सन कोच ऑफ द इयर, मोब्ली डिफेन्सिव्ह प्लेयर ऑफ द इयर. पहिल्या राउंडमध्ये मायामीला चार मॅच मिळून 122 पॉइंटनी धुतलं, एका सिरीजसाठी तो एनबीएचा रेकॉर्ड आहे. आणि पुढच्याच राउंडमध्ये ईस्टमध्ये चौथ्या नंबरवरच्या इंडियाना पेसर्सनं 4-1 नं घरी पाठवलं. क्लीव्हलँडच्या स्वतःच्या कोर्टवर तीन मॅच झाल्या, तिन्ही गेल्या.

सगळे दुखापतीचं नाव घेतात. माझं मत आहे की टीम बनवण्यातच गडबड होती. बॉल वर आणणारे भरवशाचे दोनच, मिचेल आणि गार्लंड, दोघंही उंचीला कमी, आणि सीझनमध्ये हे झाकून जाते कारण समोरची टीम आज खेळते आणि उद्या दुसऱ्या गावी असते, तिला तुमच्यासाठी खास तयारी करायला वेळच नसतो. प्लेऑफमध्ये तीच टीम रोज तुमचाच व्हिडिओ पाहून राहिली असते. इंडियानाचा कार्लाइल म्हणजे 2011 मध्ये डॅलसला चॅम्पियन केलेला कोच, त्यानं नेम्बहार्ड, नेस्मिथ, मॅककॉनेल असे ताज्या दमाचे लोक आलटून पालटून पूर्ण कोर्टभर मागे लावले, यालाच प्रेस म्हणतात. बॉल अर्ध्या लाइनच्या पुढे नेण्यातच दम निघून जायचा, मग उरलेल्या वेळात एक स्क्रीन (डिफेंडरची वाट अडवणं) आणि घाईचा शॉट. पहिल्या मॅचमध्ये 38 थ्री (लांबून मारायचे 3 पॉइंटचे शॉट) मारले, आत गेले 9. हीच टीम सीझनभर थ्री मारण्यात लीगमधल्या सगळ्यात चांगल्या टीमपैकी एक होती न!

त्रिमूर्तीनगरवाला:
भाऊ, दुखापत बाजूला ठेवून ही सिरीज समजूच शकत नाही. दुसरी मॅच आठव. गार्लंड पायाच्या बोटामुळे बाहेर, मोब्ली घोट्यामुळे बाहेर, हंटर अंगठ्यामुळे बाहेर. तरी मिचेलनं एकट्यानं 48 मारले, टीम 20 पॉइंटनी पुढे होती, शेवटच्या मिनिटातही 7 ची लीड होती. मग इंडियानाच्या हॅलिबर्टनचा फ्री थ्रो चुकला, रिबाउंड त्याच्याच हातात आला आणि 1.1 सेकंद उरले असताना त्यानं मागे सरकून थ्री टाकला, 120-119. पहाटे साडेचारचा अलार्म लावून उठलो होतो, शेवटपर्यंत उभ्यानं पाहिली. तीन मेन प्लेयर नसलेली टीम एका पॉइंटनं हरते त्याला तू टीम बनवण्यातली चूक म्हणून राहिला?

सिक्स्थमॅन_नागपूर:
@त्रिमूर्तीनगरवाला दुसऱ्या मॅचचं मान्य. मग चौथीचं काय? तेव्हा तिघंही परत आले होते. हाफटाइमला स्कोअर 80-39! मिचेल घोट्यामुळे बाहेर बसला तो हाफटाइमनंतर, तोपर्यंत 41 चा खड्डा पडून गेला होता. आणि पाचव्या मॅचमध्ये आपल्या घरी 19 ची लीड घेऊनही 114-105 हरले. लीड घ्यायची ताकद होती, पण प्रेस वाढला की ती टिकवता येत नव्हती.

बोर्डाखाली:
मले वाटते तुम्ही दोघंही मिचेलले सोडून देऊन राहिले. जरा मागचं पाहा राजे हो. 2021 मध्ये त्याची तेव्हाची टीम युटा 52-20, लीगमध्ये पहिला नंबर, दुसऱ्या राउंडमध्ये क्लिपर्सकडून बाहेर, ते पण शेवटच्या दोन मॅच कवाय लेनर्ड नसताना, आणि सहाव्या मॅचमध्ये 25 ची लीड घालवून. मग क्लीव्हलँडमध्ये 2023 ले निक्सकडून 4-1, 2024 ले बोस्टनकडून 4-1, 2025 ले इंडियानाकडून 4-1. ज्याच्या हातात बॉल असते त्याले कधी ना कधी जबाबदारी घ्यावी लागते का नाही? कॉन्फरन्स फायनल, म्हणजे तिसरा राउंड, एकदाही नाही पाहिली तोवर त्यानं.

त्रिमूर्तीनगरवाला:
@बोर्डाखाली हा अन्याय आहे. 2024 मध्ये बोस्टनविरुद्ध शेवटच्या दोन मॅच तो पोटरीच्या दुखण्यानं खेळलाच नाही. इंडियानाविरुद्ध 48, 43, शेवटच्या मॅचमध्ये 35. अजून काय करायचं त्यानं? आणि युटाचं म्हणशील तर क्लिपर्सनी लहान प्लेयर उतरवून युटाच्या उंच गोबेअरला बास्केटपासून लांब ओढला, टेरन्स मॅनसारख्यानं 39 मारले, ते मिचेलच्या माथी कसं?

कॅम्पवाले_काका:
पोरांनो, मी उन्हाळ्यात शिबिरात मुलांना शिकवतो म्हणून थोडं वेगळं सांगतो. प्रेस तोडायचा असेल तर एका हुशार ड्रिबलरच्या भरवशावर राहता येत नाही, मधे उभा राहून पास घेणारा उंच माणूस लागतो, जो वळून लगेच पुढे देईल. हे रोजच्या सरावात घोटून घ्यावं लागते. मे महिन्यात सिमेंटचं कोर्ट संध्याकाळी सातलाही तापलेलं असते तरी मी हाच ड्रिल आधी घेतो, मुलांना कंटाळा येतो, सगळ्यांना थ्री मारायचे असतात. क्लीव्हलँडनं सीझनमध्ये मिचेलला सरासरी 31 मिनिटंच खेळवला, ताजा राहावा म्हणून, हेतू चांगला होता. पण इतक्या मॅच आरामात जिंकल्या की अडचणीत खेळायची सवय मोडते, आणि मग अचानक त्याच माणसाकडून सगळं मागितलं. तिसऱ्या मॅचमध्ये ॲटकिन्सननं झोन (माणसाऐवजी जागा सांभाळणारा डिफेन्स) लावला, इंडियाना गोंधळली, 126-104 जिंकले. म्हणजे उपाय सापडला होता. चौथ्या मॅचला कार्लाइल त्याचं उत्तर घेऊन आला आणि यांच्याकडे पुढची चाल नव्हती. मला दोष द्यायचाच असेल तर मी तिथं देईन.

जामठा_एंड:
काकांशी सहमत. 2024-25 ची रणजी सेमीफायनल घ्या, मुंबईकडे सूर्यकुमार, रहाणे, दुबे, शार्दूल, आणि आपल्या विदर्भानं त्यांना नागपुरातच हरवलं. नावं मोठी असून भागत नाही, प्रत्येकाला आपलं काम माहीत पाहिजे. पेसर्सकडे ते होतं, म्हणून तर ते फायनलमध्ये ओक्लाहोमाशी सातव्या मॅचपर्यंत भिडले.

बोर्डाखाली:
@जामठा_एंड क्रिकेटचं इथं जमत नाही भाऊ. रणजीची सेमीफायनल एकच मॅच असते, ती गेली की संपलं. इथं सात मॅचची सिरीज आहे, सुधारायले वेळ भेटते. म्हणूनच तर मले जास्त राग येते.

त्रिमूर्तीनगरवाला:
@सिक्स्थमॅन_नागपूर "बॉल आणणारे दोनच" हे तुझं वाक्य चूक आहे. टाय जेरोम होता न, सिक्स्थ मॅन ऑफ द इयरच्या (बेंचवरून येणाऱ्या सगळ्यात चांगल्या प्लेयरचं बक्षीस) शेवटच्या तिघांत नाव होतं त्याचं.

सिक्स्थमॅन_नागपूर:
म्हणूनच "भरवशाचे" लिहिलं आहे. दुसऱ्या मॅचमध्ये जेरोमनं 14 शॉट मारले, 1 गेला. सीझनभर बेंचवरून येऊन मजेत मारत होता, अंगाला चिकटून डिफेन्स आला की त्याला जागाच मिळेना. वाईट प्लेयर नाही तो, पण नेम्बहार्डसमोर बॉल सांभाळणं हे काम त्याचं नव्हतंच. आणि क्लबलाही हेच दिसलं असणार, त्या उन्हाळ्यात ओकोरोला देऊन लाँझो बॉल आणला, उंच आणि पास देणारा गार्ड.

त्रिमूर्तीनगरवाला:
लाँझोचे गुडघे माहीत आहेत न तुला? अडीच वर्षं खेळू शकला नव्हता तो. दुखापतीमुळे हरलो म्हणणाऱ्यांना उत्तर म्हणून तू तोच माणूस दाखवतोस? मी तर म्हणतो होती तीच टीम ठेवायची, जेरोमलाही मेम्फिसला जाऊ द्यायचं नव्हतं, सगळे धडधाकट असताना इंडियानाशी अजून एक सिरीज खेळवा आणि मग बोला.