अनुभव धागा: डिरेक्टरीत नावच नाही, किंवा आहे ते चुकीचं

छापील टेलिफोन डिरेक्टरी घरी येणं बंद होऊन बरीच वर्षं झाली. नंबर कुणाच्या नावावर आहे याची नोंद खरी आणि पूर्ण कोणी ठेवायची, हा प्रश्न मात्र तसाच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, शिफारस केली की फोन वाजताना करणाऱ्याचं नाव दिसावं आणि ते कनेक्शनच्या अर्जात भरलेलं नाव असावं. म्हणजे डिरेक्टरीच नव्या रूपात येते आहे. माझं मत आधीच सांगते: नोंद बरोबर ठेवणं ही कायद्याने कंपनीची जबाबदारी हवी, दुरुस्तीला मुदत हवी आणि मुदत चुकली तर दंड हवा. ग्राहकाने किती खेटे घालायचे? तुमचे अनुभव लिहा, जुने असले तरी चालतील.

मिरज
आमच्या घरचा नंबर डिरेक्टरीत एका रक्तपेढीच्या नावापुढे छापला गेला होता. दोन नंबरांत एकाच आकड्याचा फरक. फोन यायचे ते बहुतेक रात्री. पलीकडचा माणूस घाईघाईने विचारायचा, "ओ निगेटिव्ह मिळेल का हो?" राँग नंबर म्हणून फोन ठेवून देणं आईच्या जिवावर यायचं. तिने फोनच्या वर भिंतीवरच खडूने रक्तपेढीचा खरा नंबर लिहिला होता. तो सांगायची, समोरच्याकडून परत म्हणून घ्यायची आणि मगच रिसीव्हर ठेवायची. वडिलांनी लेखी तक्रार केली. उत्तर आलं, पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती होईल. पुढची आवृत्ती आली, चूक जशीच्या तशी. रक्तपेढी, दवाखाना, अग्निशमन दल यांचे नंबर छापण्याआधी तिथे एकदा फोन लावून बघायचा, एवढा तरी नियम करायला काय हरकत होती?

ठाणे
मी चौकशी सेवेत, १९७ वर बसायचे. लोक म्हणायचे, "पार्ल्याच्या गोखल्यांचा नंबर द्या, तळमजला, दारात तगर आहे." आमच्यासमोर आडनाव, आद्याक्षरं आणि पत्ता, तेही रोमन लिपीत. फडके कधी 'पी'मध्ये, कधी 'एफ'मध्ये. वाघ शोधायचे तर 'व्ही' बघा, नाही मिळाले तर 'डब्ल्यू'. जुन्या बायका दोन्हीकडे बघायच्या. नवीन मुलगी एकीकडे बघून "असं नाव नाही" सांगायची, आणि यादीत असलेला माणूस सापडायचा नाही. ग्राहकाने स्वतःचं नाव देवनागरीत लिहून द्यावं आणि चढवलेली नोंद त्याला दाखवून सही घ्यावी, असं मला तेव्हापासून वाटतं.

दुसरं म्हणजे वारलेल्या माणसांच्या नोंदी. वारसाच्या नावावर फोन करायचा तर मृत्यूचा दाखला आणा, बाकीच्या वारसांच्या संमतीचे कागद आणा. कोण करतं एवढं? बिल भरलं जायचं, आजोबा यादीत राहायचे. घरात शिवणकाम करणारी सून, शिकवण्या घेणारी मुलगी, यांचा तर त्या यादीत पत्ताच नसायचा.

दादर
२००२ मध्ये मुंबईच्या सात आकडी नंबरांच्या आधी २ लागला. सगळ्यांना एकच नियम, आधी गाजावाजा झालेला, त्यामुळे फारसं कुणाचं अडलं नाही. बदल असा व्हायला हवा. एकट्यादुकट्याचा नंबर बदलला की त्याचं कुणाला सोयरसुतक नसायचं.

पुणे
वकील आहे, म्हणून थोडं कायद्याचं. इंडियन टेलिग्राफ रूल्समध्ये नियम ४५८ होता: परवानगीशिवाय दुसऱ्या कुणी टेलिफोन ग्राहकांची यादी छापायची नाही. त्यावरून टाटा प्रेस आणि मुंबईची सरकारी फोन कंपनी महानगर टेलिफोन निगम यांच्यात वाद झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९५ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की व्यापारी जाहिरात हाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. यलो पेजेस, म्हणजे धंद्यांच्या जाहिरातींची पुस्तकं, काढायला त्यामुळे वाट मोकळी झाली. ग्राहकांची यादी मात्र निगमकडेच राहिली. आता ज्याच्या हाती यादीचा एकाधिकार, त्याच्यावर ती अचूक ठेवायची सक्तीही तितकीच कडक नको का?

पुढे खासगी कंपन्या आल्या आणि यादीचे तुकडे झाले. माझ्या एका अशिलाने दुकानाचा फोन नव्या कंपनीकडून घेतला. जुन्या डिरेक्टरीतून नाव गेलं, नवीन कंपनीची डिरेक्टरीच नव्हती. भर लग्नसराईत त्यांच्या मंडपाच्या ऑर्डरी शेजारच्या दुकानात गेल्या. ट्रायने २००५ मध्ये डिरेक्टरी आणि चौकशी सेवेवर शिफारशी केल्या होत्या. सगळ्या कंपन्यांची मिळून एक यादी सामान्य माणसाच्या हातात मात्र आजतागायत आलेली नाही.

एडिसन, न्यू जर्सी
आम्ही इथे आलो तेव्हा व्हाइट पेजेसमध्ये, म्हणजे घरगुती नंबरांच्या डिरेक्टरीत, पाटील, कुलकर्णी, जोशी शोधून मंडळाच्या गणपतीची आमंत्रणं केली होती. इथे १९९६ च्या दूरसंचार कायद्याने कंपन्यांना बांधलं आहे: डिरेक्टरी काढू इच्छिणाऱ्या कुणालाही ग्राहकांची यादी वाजवी दराने, भेदभाव न करता द्यायची. ते मला पटतं. नाव यादीत नको असेल तर दरमहा वेगळे पैसे पडायचे, ते मात्र चीड आणणारं होतं. २०१० मध्ये शेजारच्या न्यूयॉर्कच्या नियामकांनी घरगुती नंबरांची छापील पुस्तकं सरसकट वाटणं थांबवायला परवानगी दिली.

नागपूर
माझी नोंद अगदी बरोबर होती, आणि तोच त्रास झाला. मी एकटी राहायची. पूर्ण नाव, घर क्रमांक, गल्ली, सगळं छापलेलं. रात्री फोन यायचे, पलीकडे कुणी बोलायचं नाही. नुसती आद्याक्षरं छापा म्हणून अर्ज दिला, तर "अर्जावर आहे तेच नाव जाईल" म्हणाले. कंपनीकडे नोंद खरी असू द्या, पण ती कुणाला दिसावी हे मला ठरवू द्या, तेही फुकट. ठाण्याच्या ताई, यादीत नसलेल्या सुनांची तुम्हाला काळजी वाटते, ते योग्यच आहे. त्यांना विचारून मग नाव घाला.

नाशिक
मी पाण्याच्या टाक्या धुण्याचं काम करतो. माझा नंबर आधी दुसऱ्या कुणाकडे होता. फोन करणाऱ्याचं नाव दाखवणाऱ्या एका ॲपवर माझ्या नंबरपुढे "लोन फ्रॉड" असं येतं. गिऱ्हाईक फोन उचलत नाही, म्हणून आधी मेसेज टाकतो, "टाकीवाला बोलतोय, फोन घ्या." सिम भावाच्या नावावर आहे. म्हणजे उद्या अर्जावरचं नाव दिसायला लागलं तरी माझं दिसणार नाही.

धागाकर्ती
नाशिकचे दादा, सिम आधी स्वतःच्या नावावर करून घ्या. नंबर नव्या माणसाला देताना जुनी ओळख पुसायची जबाबदारी कंपनीचीच हवी, हे आपल्या मागणीत घालते. मिरजेची पडताळणी, ठाण्याची देवनागरी नोंद आणि नागपूरची फुकट गुप्तताही घालते. ट्राय सल्लामसलतीचा मसुदा काढते तेव्हा कुणालाही लेखी म्हणणं पाठवता येतं. पुढचा मसुदा आला की आपलं पत्र जाईल. ज्यांचे अनुभव राहिलेत त्यांनी तोवर लिहा.