पडवीतील गांधीलमाश्यांच्या पोळ्याचे छायाचित्रण : मदत हवी आहे

आमच्या चिपळूणच्या घराच्या पडवीत, वाशाला गांधीलमाश्यांनी तळहाताएवढे कागदी पोळे बांधले असून, त्यातील अळ्यांना सुरवंटाचा चघळलेला गोळा भरवणाऱ्या माश्या मला मॅक्रो लेन्सने टिपायच्या आहेत. (परसातील भाजीवरचे सुरवंट त्याच नेतात, त्यामुळे पोळे जाळण्याचा शेजाऱ्यांचा सल्ला मला मुळीच पटलेला नाही.) मी जवळ जाताच त्या पंख उभारून माझ्याकडे तोंड करतात. त्या फ्लॅशमुळे बिथरतात, की श्वासामुळे आणि वाशाला बसणाऱ्या हादऱ्यामुळे? किती अंतर सुरक्षित मानावे? शिवाय, अशी पोळी लुटणारा, पोटावर पिवळा पट्टा असलेला मोठा गांधील अलीकडे तेथे घिरट्या घालतो. तो येऊन गेल्यावर माश्या माणसांवरही धावून येतात का? घरात वृद्ध सासूबाई असल्याने अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.