मदत हवी आहे: ढोलकी आणि आण्णांचा आवाज एकत्र बसेना, बफर आणि मिडीचं सेटिंग सांगा

नमस्कार मंडळी, कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो, घरच्या माडीवर आण्णांची जोतिबाची भजनं रेकॉर्ड करायला घेतलीत. आण्णा सत्तरीच्या पुढं गेलेत, आता एका बैठकीत दोनच भजनं होतात, म्हणून चैत्राच्या यात्रेआधी जमतील तेवढी नीट घेऊन ठेवायची आहेत.

८ जीबीचा लॅपटॉप, रीपर (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर), दोन इनपुटचा इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडायची डबी), एक कंडेन्सर माईक. ढोलकी मी मिडी कीबोर्डवर (यात आवाज नाही, कुठली की कधी दाबली तेवढंच नोंदवलं जातं) वाजवतो कारण आमचा ढोलकीवाला नोकरीला पुण्याला गेला. प्रोजेक्ट ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट.

बफर (लॅपटॉप एका दमात आवाजाचे किती सॅम्पल हाताळतो तो आकडा) १२८ केला की लई करकर येते, पेटीचा सूर फाटतो. १०२४ केला की करकर जाते पण की दाबल्यावर थाप मागनं ऐकू येते, मग मी नकळत आधीच वाजवतो आणि नंतर ऐकलं की सगळ्या थापा आण्णांच्या पुढं पळत्यात. म्हणून १/१६ वर क्वांटाइझ केलं (सगळ्या थापा ग्रिडच्या सारख्या अंतराच्या रेघांवर ओढल्या) तर दादऱ्याचा झोकच गेला, आण्णा ऐकून म्हणाले "ही ढोलकी न्हवं, घड्याळ हाय". फार लागलं मनाला.

पीपीक्यू (एका बीटचे मिडीत किती बारीक भाग, म्हणजे टिक, पडतात तो आकडा) ९६० आहे ते वाढवू का? आणि ४८ चं ९६ केलं तर क्वालिटी सुधारते का? एकानं तसं सांगितलंय.

प्रतिसाद:
भावा, पीपीक्यूला हात लावू नकोस. १२० च्या टेम्पोला ९६० चा एक टिक म्हणजे साधारण अर्धा मिलिसेकंद, तिथं काही हरवत नाही. उशीर बफरचाय, ४८ ला १०२४ म्हणजे एका बाजूचेच २१ मिलिसेकंद, १२८ ला तीनच्या आत. ९६ केलंस तर लॅपटॉपवर ओझं दुप्पट आणि गळ्याला फायदा काही नाही. २४ बिट बास आहे, फक्त पीक उणे १२ डीबीच्या आसपास ठेव, आण्णांनी वरचा सूर लावला तरी क्लिप होणार नाही, म्हणजे आवाज फाटणार नाही.
करकरीसाठी आधी ड्रायव्हर बघ, विंडोजचा साधा असेल तर इंटरफेसचा स्वतःचा असिओ (कमी उशीर लावणारा ऑडिओ ड्रायव्हर) टाक, रेकॉर्ड करताना रिव्हर्ब बंद, वायफाय बंद. १०२४ मिक्सिंगला ठेव.
आणि आण्णा क्लिकवर (मेट्रोनोमच्या ठोक्यावर) गायलेत का? नसतील तर ग्रिडचा त्यांच्या लयीशी संबंधच नाही, क्वांटाइझ कशाला करतोस? क्लिक असेल तर ट्रिपलेटचं (बीटचे तीन सारखे भाग करणारं) ग्रिड घे, स्ट्रेंथ पन्नास टक्क्यांवर, म्हणजे थापा रेघेकडं अर्ध्याच सरकतील.

धागाकर्ता:
दादा, क्लिक नव्हताच, आण्णा डोळे मिटून गातात. असिओ टाकला, १२८ ला अजून थोडी करकर आहे पण २५६ ला एकदम साफ, आणि थाप बोटाखालीच वाजते. क्वांटाइझ काढून टाकलं. आता एवढंच सांगा, आधीच्या तीन भजनांतली ढोलकी सगळीकडं सारखीच पुढं आहे, तो मिडी ट्रॅक अख्खा २० मिलिसेकंद मागं सरकवला तर चालेल, का परत वाजवू?